पार्लर की घर: बिघडलं तर निस्तरायला किती दिवस लागतील?

प्रश्न थोडक्यात असा: "ताई, मी २७ वर्षांची, हिंजवडीला नोकरी करते. महिन्याला पार्लरवर अडीच हजारांच्या आसपास जातात. रूममेट म्हणते, सगळं घरी होतं, व्हिडिओ बघून शिकता येतं. फेब्रुवारीत माझं लग्न आहे. गावी आई काळी मेहंदी लावते, हल्ली तिच्या कपाळाच्या कडेला आणि कानामागे खाज सुटते. काय घरी करायचं आणि कशासाठी पार्लरला जायचं? लग्नाचा मेकअप स्वतः केला तर चालेल का?"

माझं नाशिकला सिडकोत पार्लर आहे, पंचवीसेक वर्षं होत आली. तेव्हा मी "पार्लरलाच ये" म्हणेन असं तुला वाटत असेल. तुझ्या अडीच हजारांतले निम्मे तरी वाचतील असं माझं मत आहे. पण कुठले वाचवायचे, इथे बहुतेक मुली नेमकं उलटं करतात. क्लीनअपसाठी पार्लरमध्ये दीड तास बसतात आणि स्मूदनिंगची, म्हणजे केस सरळ करायच्या केमिकलची, बाटली ऑनलाइन मागवून बाथरूममध्ये दार लावून डोक्याला फासतात.

मी आधी एकच गोष्ट बघते: बिघडलं तर निस्तरायला किती दिवस लागतील? फेसपॅक चुकला तर धुऊन टाकला, संध्याकाळपर्यंत लाली गेली. भुवई चुकली की दीड-दोन महिने पेन्सिल हातात. केसांवर केमिकल चुकलं तर तो भाग कापून टाकेपर्यंत सुटका नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे खांद्यापर्यंत यायला दोन-अडीच वर्षं. आणि कातडी भाजली तर आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर तो डाग काळा होऊन महिनोन्महिने बसतो. गोऱ्या कातडीवर तोच चटका लाल होतो आणि जातो. म्हणून व्हिडिओ करणाऱ्या बाईचा रंग कोणता आहे, हेसुद्धा बघायचं असतं. जे लवकर निस्तरतं ते घरी, जे निस्तरत नाही ते शिकलेल्या हाताकडे, आणि काही गोष्टी आमच्याकडेही नकोत, त्या डॉक्टरांच्या.

आईचं आधी सांगते, कारण ते तातडीचं आहे. तिची काळी मेहंदी आजपासून बंद. पुढच्या वेळी "थोडीच लावते" असं नाही, पूर्ण बंद. बाजारात जी काळी मेहंदी अर्ध्या तासात केस काळेभोर करते, ती बहुतेक वेळा हेअर डायच असते, पाकिटावर मेहंदीची पानं छापलेली. नुसत्या मेहंदीचा रंग तांबूस-नारिंगी येतो, तोही दोन-तीन तास ठेवल्यावर. काळं करायचं काम त्यातलं पॅरा-फिनिलीनडायअमीन करतं. डॉक्टर आणि आम्ही त्याला पीपीडी म्हणतो. पाकीट उलटं करून बघ. आपल्या देशात हे द्रव्य असलेल्या डायवर 'त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं' अशा अर्थाची सूचना छापणं कायद्याने सक्तीचं आहे. अक्षर इतकं बारीक असतं की चष्मा लावणाऱ्या बाईला ते दिसतच नाही, आणि डाय लावणाऱ्या बहुतेक बायका चष्म्यावाल्याच असतात.

"पण मी दहा वर्षं हेच लावतेय, आत्ताच कसं झालं?" असं तुझी आई नक्की विचारेल. या ॲलर्जीचा स्वभावच तसा आहे. शरीर वर्षानुवर्षं सहन करतं आणि एके दिवशी त्या द्रव्याला ओळखायला लागतं. एकदा ओळखलं की सहसा विसरत नाही. केसांच्या कडेची आणि कानामागची खाज हा पहिला इशारा. त्यानंतरही डाय लावत राहिलेल्या बायका सकाळी डोळे सुजून बंद झालेल्या अवस्थेत उठलेल्या मी पाहिल्या आहेत. तसं झालं किंवा श्वासाला त्रास वाटला तर घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एरवी आधी खाज पूर्ण जाऊ द्यायची, मग त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचं. जाताना डायचं पाकीट बरोबर न्यायचं. ते पाठीवर छोट्या पट्ट्या लावून दोन दिवसांनी काढतात आणि नेमकं कशाचं वावडं आहे ते सांगतात. त्या दिवसांत पाठ भिजवायची नसते, म्हणून लग्नाच्या गडबडीआधी हे उरकून घ्या.

मेहंदीऐवजी दुकानातला 'अमोनिया नाही' लिहिलेला डाय आणून दिलास तर प्रश्न तिथेच राहील. अमोनिया नसला तरी पीपीडी असू शकतं, किंवा त्याचं एखादं भावंड, ज्याची ॲलर्जी त्याच लोकांना पुष्कळदा येते. आईला पांढरे नकोच असतील तर साधी मेहंदी आणि वर इंडिगो, असा दोन टप्प्यांचा मार्ग आहे. मेहंदी रात्री भिजवून सकाळी दोन-तीन तास ठेवायची, धुवायची. मग इंडिगोच्या पानांची पूड कोमट पाण्यात, चिमूटभर मीठ घालून कालवून तासभर. (कपड्यांची नीळ नव्हे. हसू नकोस, हे मला विचारलेलं आहे.) रंग पहिल्या दिवशी हिरवट वाटतो, दुसऱ्या दिवशी गडद तपकिरी-काळा उतरतो. दोन्ही पाकिटांवर घटकांत फक्त त्या झाडाचं नाव असलं पाहिजे. काही मेहंदीत सोडियम पिक्रामेट नावाचा रासायनिक रंग मिसळलेला असतो, तो नको. आणि हे नैसर्गिक असलं तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास थांबायचं. इंडिगोचंही वावडं असू शकतं, क्वचित.

तुझं स्वतःचं केस रंगवणं निघालंच तर: पांढऱ्या मुळांना मूळ रंगाच्या जवळचा रंग लावणं, म्हणजे रूट टचअप, चाचणी घेऊन घरी जमतं. मागच्या बाजूला आरसा पोचत नाही तिथे रूममेटला कामाला लाव. काळ्याचा सोनेरी करणं, हायलाइट्स, ग्लोबल (सगळ्या केसांना एकच नवा रंग), हे घरी नको. घरगुती बॉक्समधला डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं पेरॉक्साइड, बहुधा सहा टक्क्यांच्या आसपास असतो. आमच्याकडे सहा, नऊ, बारा अशा ताकदी असतात, त्या केसाच्या जाडीप्रमाणे आणि मुळाशी कमी, टोकाशी जास्त, अशा वापराव्या लागतात. डोक्याजवळची ऊब रंग लवकर पकडते. हे लक्षात न घेतलं की मुळं भगवी आणि टोकं काळी. दुरुस्तीला येणाऱ्या मुली मूळ कामाच्या दुप्पट पैसे मोजतात. आणि मेहंदी लावत असशील तर ते आम्हाला सांग. मेहंदी बसलेल्या केसांवर रंग सारखा चढत नाही, आणि त्यात धातूचे क्षार मिसळलेले असतील तर ब्लीचखाली केस तापून तुटतात.

आता स्मूदनिंग, केराटिन, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया. नावं दर दोन वर्षांनी नवी येतात. यातल्या बऱ्याच उत्पादनांत फॉर्माल्डिहाइड असतं किंवा दोनशे अंशांच्या इस्त्रीखाली बाहेर पडतं. लेबलवर 'फ्री' लिहिलेलं असलं तरी. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, तो त्याचाच धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकलं. त्याच्या जागी आलेलं ग्लायॉक्सिलिक आम्ल सुरक्षित म्हणून विकलं गेलं, आणि २०२४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका तरुणीची हकीकत छापली: प्रत्येक वेळी केस सरळ करून घेतल्यावर तिची किडनी बिघडली, तीनदा. तेव्हा बंद बाथरूममध्ये, स्वतःच्या डोक्यावर, इस्त्री फिरवत हे करणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. पार्लरमध्ये करायचंच असेल तर पंखा-खिडकी आहे ना, टाळूला क्रीम लागू देत नाहीत ना, आणि बाटलीवरचे घटक वाचायला देतात ना, एवढं बघ. मी स्वतः गेली काही वर्षं हे काम घेत नाही. लग्नाला तीन महिने असताना तर तुला मी ते करूच देणार नाही. अंबाडा घालायला सरळ, निसरडे केस सगळ्यात वाईट.

भुवया. या पार्लरमध्येच कर. स्वतःच्या भुवईला दोरा लावायला तिसरा हात लागतो, आणि आरशात बघून उपटत गेलं की एक बाजू बारीक, मग दुसरी तिच्याशी जुळवायला आणखी बारीक, असं होत होत शेवटी धनुष्याचा दोराच उरतो. मधल्या काळात खाली आलेले चुकार केस चिमट्याने काढ. भुवईच्या वरच्या कडेला हात लावू नकोस. आमच्या भागात पन्नास-साठ रुपयांचं काम आहे, तुझ्याकडे शंभर घेत असतील, तरीही स्वस्तच. फक्त दोरा दातात धरणाऱ्या बाईला "मानेला अडकवा ना" असं म्हण. दोरा नवा हवा, तुझ्यासाठी तोडलेला. थ्रेडिंगनंतर भुवईच्या रेषेत बारीक चामखिळी उगवलेल्या बायका त्वचेच्या डॉक्टरांकडे जात असतात. तो विषाणू दोऱ्याने आणि हाताने एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जातो.

वॅक्सिंगचं दोन्हीकडे जमतं, पण माझा पहिला प्रश्न वेगळा आहे: वॅक्सच हवं असं कुठे लिहिलंय? रेझर फिरवला की केस जाड येतात ही समजूत पक्की बसली आहे. जाड येत नाहीत. रेझरने टोक सपाट कापलं जातं म्हणून बोटाला राठ लागतं, एवढंच. हाता-पायांना रेझर किंवा ट्रिमर, अंघोळीत, साबण लावून, केसांच्या दिशेने. पाच मिनिटं. त्यात कमीपणा नाही. वॅक्स आवडत असेल तर हात आणि गुडघ्याखालचे पाय घरी कर. केस तांदळाच्या दाण्याएवढे तरी वाढलेले हवेत. वॅक्स मनगटाच्या आत लावून ऊब बघायची. लावायचं केसांच्या दिशेने, पट्टी ओढायची उलट दिशेने, कातडीला समांतर, वर नाही. साखर-लिंबाचं वॅक्स गॅसवर करण्याचं फॅड परत आलंय. साखरेचा पाक पाण्याच्या उकळीपेक्षा खूप वर तापतो आणि चिकटतो, तो सांडला तर झटकता येत नाही. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेला डबा वरून कोमट आणि मध्ये जळजळीत असतो. काख आणि बिकिनी स्वतः करू नकोस. तिथे कातडी सैल, केस दोन-तीन दिशांनी वाढणारे, आणि एका हाताने कातडी ताणून दुसऱ्याने पट्टी ओढणं स्वतःला जमत नाही. निळं-काळं पडतं.

आणि हे घरीही लागू, पार्लरलाही: मुरमांसाठी किंवा सुरकुत्यांसाठी रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ॲडापलीन यांपैकी काही लावत असशील तर चेहऱ्याला वॅक्स नको. वरची कातडी सालासकट निघते. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स अजिबात नको, गोळ्या संपल्यावरही सहा महिने. आम्ही विचारलं नाही तरी तू सांगायचंस. आजकालच्या निम्म्या मुली रात्री काही ना काही सीरम लावतात आणि खुर्चीत बसल्यावर म्हणतात, "मी काहीच लावत नाही."

दोन गोष्टींसाठी बायका आमच्याकडे येतात, आणि आम्ही त्या घेतो कारण पैसे मिळतात. पण त्यांचा इलाज आमच्याकडे नाही. एक, हनुवटीवर वाढणारे जाड केस. दर आठ दिवसांनी हनुवटी करायला यावं लागत असेल आणि पाळी पुढेमागे होत असेल तर तो पीसीओएसचा, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाचा, विषय असू शकतो, डॉक्टरांकडे जा. दुसरं, मानेच्या मागचा काळा, मखमलीसारखा पट्टा. त्याला डी-टॅन, ब्लीच, घासणी, लिंबू-साखर, सगळं करून झालेलं असतं. तो मळ नसतो आणि उन्हाचाही नसतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते. घासून घासून तो आणखी काळा होतो. मी अशांना शुगर तपासायला पाठवते, काही जणी रागावतात.

चेहऱ्याच्या बाबतीत माझं मत पार्लरवाल्यांना आवडणार नाही. २०२० च्या लॉकडाउननंतर महाराष्ट्रात २८ जूनला सलून-पार्लर उघडली तेव्हा केस कापणं-रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्यालाच परवानगी होती, त्वचेच्या कामांना नव्हती. माझ्या गिऱ्हाइकांनी कितीतरी महिने फेशियल केलं नाही. कुणाचा चेहरा बिघडला नाही. भुवयांसाठी मात्र पहिल्याच दिवशी फोनवर फोन. फेशियलने चेहरा उजळतो तो मालिशीने रक्त वर आल्यामुळे, वाफेने आणि वरची मेलेली कातडी निघाल्यामुळे. दोन-तीन दिवस टिकतो. गोल्ड, डायमंड, पर्ल यांतलं सोनं-हिरे-मोती तुझ्या कातडीचं काही भलं करत नाहीत. तासभर कुणीतरी आपल्याला हात लावतंय, घरचं कुणी हाक मारत नाही, यासाठी येणाऱ्या बायका आहेत आणि त्या पैशाला मी वायफळ म्हणणार नाही. पण त्वचेसाठी म्हणून दर महिन्याला गरज नाही. मुरमं फुललेली असतील तर मालीश उलट नडते. ब्लॅकहेड्स काढून घ्यायचे तर ते तेवढं पार्लरमध्ये. नखांनी दाबून घरी केलेले खड्डे जन्मभर राहतात.

घरी रोज सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, आणि एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, दोन बोटं भरून. तू हिंजवडीला दुचाकीने जात असशील तर हेल्मेटची काच ऊन पुरतं थांबवत नाही. बेसन-दही, मसुराची डाळ, मुलतानी माती आठवड्यातून एकदा चालतं, फक्त ते वाळून खडखडीत होईपर्यंत ठेवायचं नाही आणि घासून काढायचं नाही. दिवाळीचं उटणंही अंगाला छान, नागरमोथा-आंबेहळद-कचोऱ्याचं, दुधात कालवून. मुरमांच्या चेहऱ्याला ते खरखरीत पडतं. लिंबू, खायचा सोडा आणि टूथपेस्ट ही तीन मात्र चेहऱ्यापासून लांब ठेव. त्वचेचा सामू (पीएच) पाचच्या आसपास, लिंबाच्या रसाचा दोन-अडीच, सोड्याचा आठच्या वर. लिंबू लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे डाग उठतात, आणि ते रेघोट्यांच्या आकारात महिनोन्महिने राहतात. घरी आम्लाचे जोरदार पील, डर्मारोलरच्या सुया, केस काढायची प्रकाशयंत्रं यांनाही माझा नकार आहे. त्या यंत्राच्या खोक्यावर त्वचेच्या रंगांचा तक्ता असतो. त्यात गडद रंगांसमोर फुली असते, ती आधी बघ.

पेडिक्युअर घरी कर. कोमट पाणी, प्युमिस दगड, नखं सरळ कापायची, कडा खोल खणायच्या नाहीत, वर व्हॅसलीन. पार्लरमध्ये करत असशील तर त्या दिवशी पायांना रेझर फिरवून जाऊ नकोस. २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनमध्ये पाणी फिरवणाऱ्या टबांच्या जाळीमागे केस-कातडी साचून जंतू वाढले आणि शंभराहून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांना फोड आले. आधी रेझर फिरवलेल्यांना धोका जास्त होता. मधुमेह असलेल्यांनी टाचेवर ब्लेड लावून घेऊच नये. हे आईसाठीही लक्षात ठेव. तिला कधी पार्लरमध्ये केस धुवायला नेलंस तर बेसिनवर मान फार मागे टाकू देऊ नकोस, मानेखाली जाड टॉवेल माग. मान मागे ताणून पक्षाघाताचा झटका आल्याची उदाहरणं वैद्यकीय मासिकांत १९९३ पासून नोंदवलेली आहेत. दुर्मीळ आहे, पण टॉवेलला पैसे पडत नाहीत.

जिथे जाशील ते पार्लर कसं ओळखायचं? एसी, काच आणि परदेशी नावावरून कळत नाही. वॅक्सच्या डब्यात एकदा अंगाला लावलेली पट्टी परत बुडवतात का ते बघ. टॉवेल कुणाचा, चादर बदलली का, चिमटा धुतला का. निळ्या दिव्याची पेटी बघून हुरळून जाऊ नकोस. ती स्वच्छ केलेली हत्यारं ठेवायला ठीक, घाण हत्यार तिच्यात ठेवून निर्जंतुक होत नाही. पाकीट तुझ्यासमोर फोडा म्हणायची लाज वाटू देऊ नकोस. अॅपवरून घरी येणाऱ्या मुलींकडेही हेच बघायचं; त्यांच्याकडे एकदाच वापरायच्या पुड्या असतात हे चांगलं, मात्र तुझ्या खोलीतली ट्यूबलाइट भुवयांना पुरत नाही, खिडकीपाशी बस.

आणि लेबल नसलेल्या डबीतली क्रीम घेऊ नकोस. कुणी कितीही प्रेमाने दिली तरी. "ताई, आमच्या घरची आहे, आठ दिवसांत उजळतं" असं सांगून ती विकणाऱ्या आमच्याच धंद्यात आहेत. आठ दिवसांत उजळवणारी दोनच द्रव्यं मला माहीत आहेत: पारा आणि स्टेरॉइड. अकोल्यातल्या एका घरातल्या आई आणि दोन मुलींच्या किडन्या अशाच एका स्थानिक क्रीमने बिघडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ती क्रीम तपासली तेव्हा तिच्यात पारा निघाला. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी गोरेपणाच्या क्रीम वापरणाऱ्यांत तसाच किडनीचा आजार पाहिला आणि २०२४ मध्ये तो प्रसिद्ध केला. स्टेरॉइडच्या मलमांनी चेहरा आधी तुकतुकीत होतो. मग पातळ, लाल, केसाळ होतो आणि मलम बंद केलं की पेटतो. मेडिकलमधून शंभर रुपयांत ट्यूब मिळते म्हणून ती सौंदर्यप्रसाधन ठरत नाही. २०१८ पासून अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. आणि लग्न ठरलेल्या मुलीला हे सगळं सगळ्यात आधी खपवलं जातं.

पैशांचं बघू. अडीच हजारांत बहुधा भुवया-अप्परलिप दोनदा, वॅक्स, क्लीनअप आणि हेअर स्पा असणार. हेअर स्पा म्हणजे कंडिशनर, मालीश आणि वाफ; घरी मास्क लावून गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळला की तेच. तुमच्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर केस राठ होण्याचं कारण तिथेच आहे. शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घे. क्लीनअप दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. भुवया आणि काख-वॅक्स पार्लरमध्ये. म्हणजे हजार-बाराशेत भागलं. बिलही वाच: २२ सप्टेंबर २०२५ पासून या सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, आणि वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या लहान पार्लरला नोंदणीची सक्तीच नाही. कुणी अजून १८ टक्के लावत असेल तर विचार.

लग्नाचं. फेशियल आवडत असेल तर पहिलं जानेवारीच्या सुरुवातीला करून बघ, त्वचेला मानवलं तरच दुसरं लग्नाच्या पाच-सहा दिवस आधी. शेवटच्या महिन्यात एकही नवी गोष्ट चेहऱ्यावर येऊ द्यायची नाही, मावशीने दुबईहून आणलेली असली तरी. वॅक्स आणि थ्रेडिंगचे दिवस बहुतेक जणी लग्नापासून मोजतात. तू हळदीपासून मोज. नुकतंच वॅक्स केलेल्या हातांवर आणि ओठांवरच्या कातडीवर हळद जी झोंबते, ती त्या फोटोंत दिसते. हळदीच्या दोन-तीन दिवस आधी सगळं उरकलेलं हवं. मेहंदीवालीला कोन कोणता म्हणून विचार. पाच मिनिटांत काळा रंग देणारा तयार कोन नको. त्यातही पीपीडीच असू शकतं, आणि आईला त्रास आहे म्हटल्यावर तिच्या हातावर तर तो मुळीच नको.

मेकअप साखरपुड्याला स्वतः कर, सरावही होईल. लग्नाला बाई बोलाव. अक्षता, होम, घाम, रडणं, कॅमेऱ्याचे दिवे, असे आठ-दहा तास बेस टिकवणं हा निराळा हात आहे, आणि त्या सकाळी तुझा हात स्थिर नसतो. ट्रायल घेतल्याशिवाय ठरवू नकोस. ट्रायलला शालूच्या रंगाचं कापड घेऊन जा, फाउंडेशन जबड्याच्या कडेला लावून खिडकीच्या उजेडात बघ, गळ्याशी जुळतंय का ते बघ, आणि तसाच चेहरा घेऊन चार तास घरी वावर. आगाऊ रक्कम देण्याआधी कागदावर लिहून घे: नऊवारी नेसवणं आणि अंबाडा त्यात धरलाय का, मुंडावळ्या बांधून होईपर्यंत ती थांबणार का, रिसेप्शनचा दुसरा लूक वेगळा मोजणार का, आणि करवल्यांचे डोक्यामागे किती.